आधी गटाराले विचारू

आमच्या भाऊजींचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या गटारावर जास्त विश्वास होता, आणि भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या काळात उभ्या टाउनशिपची प्रकृती सर्वांत नेमकी ठाऊक असलेला माणूस इस्पितळात बसत नव्हता. तो एका हातात लोखंडी आकडा आणि दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी घेऊन आमच्या सेक्टरच्या मागच्या गल्लीत ओणवा झालेला असायचा, असं मी आजही कुणापुढेही म्हणायला तयार आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, टाउनशिपच्या आरोग्य खात्यातले सॅनिटरी इन्स्पेक्टर. मी भंडाऱ्याकडून इथल्या शाळेत मास्तरीण म्हणून आले आणि सुरुवातीला ताईच्याच क्वार्टरमध्ये राहिले. त्यामुळे पुढे जे सांगते आहे त्यातलं बहुतेक डोळ्यांसमोर घडलेलं आहे. ऐकीव असेल तिथे तसं सांगेन.

त्या वेळी भिलाईत रस्त्यांच्या आधी गटारं झाली होती. लोक क्वार्टरमध्ये राहायला यायचे तेव्हा दारासमोर मातीचे ढीग असायचे, दिवा कधी असायचा कधी नसायचा, पण मागच्या गल्लीत जमिनीखालून बंद गटार वाहायचं आणि ठरावीक अंतरावर त्याच्या चेंबरची गोल लोखंडी झाकणं बसवलेली असायची. गोंदिया-भंडाऱ्याच्या खेड्यांतून आलेल्या आमच्या लोकांना त्या झाकणांचं काय करायचं ते कळत नसे. कुणी त्यावर पापड वाळत घाली, कुणी बकरी बांधी. भाऊजींना मात्र त्या गटारांचा असा अभिमान होता, की जणू नळ त्यांनी स्वतः खांद्यावर वाहून आणले होते. पाहुणा आला की लोक त्याला भट्टीचा उजेड दाखवायला नेत, भाऊजी चेंबर दाखवायला नेत. "नागपुरात राजाच्या वाड्याले असं गटार नाही," ते म्हणायचे, "अन् आपल्या फिटरच्या क्वार्टराले आहे. पाहा, वाकून पाहा, लाजता कावून?" ताईच्या चुलतसासऱ्यांनी एकदा खरोखर वाकून पाहिलं. त्यानंतर ते भिलाईला आले नाहीत.

माणसांची ओळखसुद्धा भाऊजी चेंबरवरून ठेवायचे. प्रत्येक झाकणावर त्यांनी पांढऱ्या रंगाने आकडा घातला होता आणि त्या आकड्यानेच ते माणसं लक्षात ठेवत. रोलिंग मिलमधला एक फोरमन रस्त्यात भेटून अदबीने नमस्कार करायचा, आणि तो पुढे गेला की मी विचारायची, "कोण हो हे?" भाऊजी म्हणायचे, "हे का? हे बाविसवाले. घरात लेकराले जंत आहेत." दिवाळीत आमच्या गल्लीतल्या बायकांनी गंमत म्हणून आकड्यांभोवती रांगोळ्या काढल्या. आता हे रागावणार, अशी सगळ्यांची अटकळ होती. ते प्रत्येक रांगोळीपाशी थांबून, मान तिरकी करून पाहून आले आणि ताईला म्हणाले, "लोकं सुधरून राहिले." मला पाहायला दुर्गहून एक रेल्वेतलं स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी मुलाचा पगार विचारला, पत्रिका विचारली. भाऊजी सायकल मारून परस्पर दुर्गला जाऊन आले आणि त्यांनी निकाल दिला, "पोरगा ठीक आहे. पण मोरीचं पाणी विहिरीकडे जाते. नाही जमत." नाही जमलं. मी पुढे केलं ते लग्न भाऊजींनी कोणत्या निकषावर पास केलं, ते मी विचारलेलं नाही.

"कसं काय, बरं आहे ना?" असं ते कुणाला विचारत नसत. "घरात ताप?" एवढंच विचारत. कुणी नाही म्हटलं तर "बरं" म्हणून पुढे जात, आणि चेहऱ्यावर स्पष्ट दिसे की या उत्तराची ते दुसरीकडून खात्री करून घेणार आहेत. "माणूस खोटं बोलते," हे त्यांचं आवडतं वाक्य. "लाजंनं बोलते, भेवानं बोलते, उगीचबी बोलते. गटाराले लाज नाही ना भेव नाही."

ही खात्री करून घ्यायची रीत त्यांना मिळाली ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण बंगाली डॉक्टरांकडून. विलायतेत टायफॉइडचा माग गटारातून काढतात, असं डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं. जखमेवर बांधायच्या गॉजची जाड गादी करायची, तिला तार बांधायची आणि चेंबरमधल्या वाहत्या पाण्यात सोडून द्यायची. एक-दोन दिवसांनी काढून प्रयोगशाळेत न्यायची. वरच्या घरांतून जे वाहत येतं ते त्या गादीत अडकलेलं असतं. त्यातले जंतू काचेच्या बशीत वाढवले आणि काळे ठिपके उठले, की समजायचं, या चेंबरच्या वरच्या अंगाला कुणाच्या तरी पोटात टायफॉइड आहे. मग वर सरकायचं. जिथे दोन गल्ल्यांची गटारं मिळतात तिथे दोन्हींत एकेक गादी सोडायची आणि जिच्यात ठिपके उठतील त्या वाटेने आणखी वर जायचं. डॉक्टरांनी हे चहा पिता पिता सांगितलं. भाऊजींचा चहा गार झाला, असं डॉक्टर नंतर मला सांगत.

सरकारी बरण्या यायला वेळ होता आणि भाऊजींना दम नव्हता, म्हणून ताईच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या या कामी लागल्या. ताई म्हणाली, "बरण्या नेल्या ते नेल्या, आता माह्या डब्याडुब्यायले तरी हात लावू नका जी." गणेशोत्सवाच्या मंडळाची सभा होती, त्या सभेला भाऊजी गल्लीतून परस्पर आले आणि बरणी त्यांनी शेजारी सतरंजीवर ठेवली. मंडळाचे सेक्रेटरी क्रेन ऑपरेटर होते, खाण्यातले दर्दी.

"काय भाऊ, वहिनीचं लोणचं का?"

"हो, तसंच समजा."

"कशाचं हो?"

"तुमच्याच गल्लीचं," भाऊजी म्हणाले, आणि बरणी पायाशी ओढून घेतली.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. ताई शिकलेली नव्हती, दिसायला साधी होती, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. तिचं सगळं मोठेपण तिच्या हातच्या स्वयंपाकात होतं. गल्लीतली पोरं शाळेतून आली की आपल्या घरी जाण्याआधी ताईच्या दारात उभी राहायची, आणि ती प्रत्येकाच्या हातावर दही-साखर ठेवायची. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे तुमच्याकडच्या गौरी, तिच्याकडे बसायच्या आणि आसपासच्या सेक्टरांतली बहुतेक मराठी घरं जेवायला यायची. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, वडे, आणि आदल्या दिवशी करून ठेवलेली ज्वारीची गार आंबील. गाव सोडून आलेल्या लोकांना त्या आंबिलीच्या वाटीत काय सापडायचं कोण जाणे, पण वाटीवर वाटी जायची. ब्लास्ट फर्नेसवर दिवसभर होरपळलेले गडी ताईपुढे वाटी करून म्हणायचे, "वहिनी, आमाले आणखी." तिला तेवढं पुरायचं.

एका वर्षी पावसाळा लागला आणि आमच्या सेक्टरमध्ये मुदतीचा ताप निघाला. लोक टायफॉइडला मुदतीचाच ताप म्हणत. एक घर बरं होई तोवर दुसऱ्या घरात येई. मरोद्याच्या तलावाकडून नळाला येणारं पाणी तपासलं, ते चांगलं होतं. दूधवाले तपासले. आमच्या भिंतीला भिंत लागून बोरकरांचं क्वार्टर होतं. त्यांची मधली मुलगी महिनाभर अंथरुणाला खिळली आणि उठली तेव्हा तिच्या डोक्यावरचे केस पार विरळ झाले होते. बोरकरबाईंनी त्याच आठवड्यात भांडी घासणारी सुखबती कामावरून काढली. "या मजुरांच्या कॅम्पातून येतात न् घरात रोग घेऊन येतात," त्या म्हणाल्या. गल्लीला ते पटलं. सुखबती आमच्या पायरीवर येऊन बसली आणि "मोला त बुखार नइ आय हे, बाई," मला तर ताप आलाच नाही, एवढंच आपल्या छत्तीसगढीत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

भाऊजी सायकलला तो लोखंडी आकडा बांधत होते. "थांब," ते म्हणाले. "कोणाचं नाव घ्याचं काम नाही. आधी गटाराले विचारू."

त्यांनी सेक्टरच्या अगदी खालच्या टोकापासून सुरुवात केली. बशीत ठिपके उठले. मग वरची दोन चेंबर, मग त्यातलं एक, मग त्याच्या वरची दोन. भर पावसात हा माणूस डोक्यावर पोतं घेऊन गल्ल्यांतून वर वर सरकत होता आणि लोक खिडक्यांतून आपल्या गल्लीचा निकाल ऐकायला कान देऊन असायचे. भाऊजींनी निकाल कधी लपवला नाही. रस्त्यात उभं राहून मोठ्यांदा सांगायचे, "ही गल्ली साफ आहे! झोपा निवांत!" साफ नसलेली गल्ली त्यामुळे आपोआप कळायची. मी त्यांना एकदा म्हटलं, "भाऊजी, हे असं जाहीर करणं बरं नाही. उद्या एखाद्या घराचं नाव निघेल." ते म्हणाले, "निघू दे ना. ज्याचं निघन त्याचं निघन. आपण काय माणसाले पाहून राहिलो का?"

माग आमच्या गल्लीत शिरला. मग गल्लीच्या वरच्या निम्म्यात. शेवटी एका चेंबरवर येऊन थांबला, ज्यात दोनच घरांचे सांडपाण्याचे नळ येत होते, बोरकरांचा आणि आमचा. गल्लीत कुणालाच शंका उरली नाही. बोरकरांकडे तापाचं माणूस होऊन गेलं होतं. आमच्या घरात कुणाला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. डॉक्टरांनी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, की ताप असलेला माणूस शोधू नका, नसलेला शोधा. काहींना लहानपणी टायफॉइड होऊन जातो, ते ठणठणीत बरे होतात, पण जंतू त्यांच्या पित्ताशयात घर करून राहतात. त्या माणसाला जन्मात काही होत नाही. त्याने हात लावलेलं गार, न उकळलेलं दुसऱ्याच्या पोटात गेलं तर होतं. भाऊजींनी हे ऐकलं होतं, मला समजावूनही सांगितलं होतं. तरी त्यांनी आधी बोरकरांच्या नळाला गादी बांधली, आणि तिचा निकाल आल्यावरच आमच्या.

सकाळची वेळ होती. ताई ओट्याशी बसून आंबाडीची भाजी निवडत होती, मी शाळेला निघाले होते. भाऊजी आले, मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले, आणि तिथूनच म्हणाले, "बोरकराचं साफ आहे."

"बरं झालं माय," ताई म्हणाली. "पोरीनं लय भोगलं. मंग कोणाचं?"

"आपलं."

ताईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "आपलं म्हंजे?"

"तुले लहानपणी मुदतीचा ताप आलता ना? केस गेलते म्हणत होती तू."

ताईने माझ्याकडे पाहिलं. आला होता. मी तेव्हा फार लहान होते, पण आई सांगायची, की ताईला घोंगडीत गुंडाळून बैलगाडीने नेलं होतं. डॉक्टरांनी आम्हा तिघांचीही तपासणी केली. भाऊजी साफ, मी साफ. ताईच्या बशीत काळे ठिपके होते.

"म्हंजे मी विषारी झाली का वो?" ताई त्या दिवशी म्हणाली. ती रडत नव्हती. "त्या पोरीले मीच दही देत होती."

"विषारी कावून?" भाऊजी म्हणाले. "तुया पोटात एक भाडेकरू राहून राहिला. भाडं देत नाही, अन् निघतबी नाही. तुयी चूक काय त्यात?"

पण चूक नसली तरी दही-साखर बंद झाली, आणि महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. ताईला मरणाची भीती नव्हती. तिला भीती होती ती गल्लीला कळण्याची. उद्या बोरकरबाई आपल्या दाराकडे बघून पोरीला आत ओढून घेतील, पुन्हा कुणी आपल्यापुढे वाटी करणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. सुखबतीचं काय झालं ते तिने पायरीवर पाहिलंच होतं. कचेरीत भाऊजींनी जे कळवायचं ते रीतसर कळवलं, त्यात काही ठेवलं नाही. गल्ली मात्र त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून होती.

संध्याकाळी ते रस्त्यावर आले तेव्हा निम्मी गल्ली ओट्यांवर होती. पहिलं वाक्य ते बोरकरबाईंना बोलले, "तुमची सुखबती साफ आहे, तुमचं घर साफ आहे. तिले उद्या बोलवून घ्या." मग क्रेन ऑपरेटरांनी विचारलंच, "मंग निघालं कोणाचं, भाऊ?"

आयुष्यात पहिल्यांदा भाऊजी रस्त्यात उभं राहून निकाल लपवणार होते. मी दारातून पाहत होते. मग ते म्हणाले, "सापडलं, अन् बंदोबस्तबी झाला. आता नाव कायले पायजे? अन् हे ऐका, म्या नवस बोललो होतो का हा ताप गेला तं महालक्ष्म्यायचा स्वयंपाक स्वतःच्या हातानं करीन. बायकोनं चुलीले हात लावाचा नाही. तं यंदा सारे माह्या हातचं जेवा."

क्षणभर कुणाला कळेना. मग अशी हसाहस झाली, की नाव विचारायचं राहूनच गेलं. इतर कुणी असा नवस सांगितला असता तर लोकांनी भुवया उंचावल्या असत्या. भाऊजींच्या बाबतीत कुणालाच नवल वाटलं नाही. इतकी वर्षं कमावलेला विक्षिप्तपणा त्यांनी त्या संध्याकाळी एकरकमी वापरला.

तो स्वयंपाक मी विसरणं शक्य नाही. भाऊजींनी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. भांडी उकळली, झारे उकळले, पाट उकळता येईना म्हणून तो उन्हात ठेवला. ताई दाराच्या उंबऱ्याबाहेर बसून सूचना द्यायची आणि तिचा हात चुकून पुढे आला की भाऊजी ओरडायचे, "हात नको चालवू, तोंड चालव!" पुरण शिजलं की नाही ते पाहायला त्यांनी दोन बोटांत घेऊन उजेडाकडे धरलं. "वो, ते चाखाचं असते," ताई म्हणाली. आंबिलीत गुठळ्या झाल्या. क्रेन ऑपरेटरांनी वडा दाताखाली धरला, बाहेर काढून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, हा नंदिनीच्या दगडखाणीतून आणला का?" सगळी पंगत हसली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "घ्या, आणखी एक घ्या."

हा नवस एका वर्षापुरता असेल अशी लोकांची समजूत होती. तो दरवर्षी चालू राहिला. संक्रांतीचे तिळाचे लाडू भाऊजी वळू लागले. गल्लीतली पोरं त्यांनी क्रिकेट खेळायची. मी शिक्षिकांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. मास्तरीणबाईंना शाळा जवळ पडते, असं भाऊजींनी परस्पर सांगून टाकलं. बायका ताईला टोमणे मारत. "मजा आहे बाई तुमची, नवरा रांधते अन् तुमी बसता," "आता काय, साहेबीण झाली." ताई हसून ऐकून घ्यायची आणि घरी आल्यावर घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची. भाऊजींना पुरुष काय म्हणत ते मी इथे लिहीत नाही. औषधं झाली, गुण आला नाही. शेवटी नागपूरला नेऊन तिचं पित्ताशय काढलं. त्यानंतर भाऊजी कित्येक महिने स्वतःच्या घरामागचं चेंबर उघडून गादी सोडत होते, आणि डॉक्टरांनी "बशी साफ" म्हणून सांगितलं तरी आणखी एकदा सोडून पाहत होते. जेव्हा त्यांचं समाधान झालं तेव्हा ते स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि ताईला म्हणाले, "जा. तुयं राज्य."

त्या वर्षी ताईने आंबील केली. बोरकरबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि म्हणाल्या, "कुठं लपवून ठेवला होता वो हा हात इतके दिवस?" ताईने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. भाऊजी खाली मान घालून जेवत होते.

ताईच्या सांगण्यावरूनच हे आता लिहिते आहे. ती म्हणाली, माझं नाव गेलं तर जाऊ दे, त्यांच्या वड्यांना लोक उगाच हसले.

भाऊजी निवृत्त होऊन नागपूरला राहायला गेल्यावर एका दुपारी मी त्यांना विचारलं. मनात बरीच वर्षं होतं. "गल्लीला तुम्ही जपलंत, मलाही घराबाहेर काढलंत. पण घरातलं रोजचं तीच रांधत होती, आणि तुम्ही स्वतः त्या सगळ्या वर्षांत दोन्ही वेळा तिच्याच हातचं जेवत होता. तिने लावलेलं दहीसुद्धा." दरवर्षी ते लस टोचून घ्यायचे हे मला ठाऊक होतं, तेव्हाच्या त्या लसीने दंड टरटरून सुजायचा, अंगात कणकण भरायची, आणि ते तसेच कण्हत पानावर येऊन बसायचे. पण लस म्हणजे हमी नव्हे, हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. "भीती नाही वाटली?"

"वाटली ना," भाऊजी म्हणाले. "न वाटाले काय झालं?" त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "पण मास्तरीणबाई, साऱ्या कॉलनीले वाढणं तिचं म्याच बंद केलं. मीबी ताट सरकवलं असतं, तं तिनं वाढलं असतं कोणाले?"

आतून ताईने पानं घेतल्याची हाक दिली, आणि ते उठले.